'सॅबोटाज'ला 'घातपात' म्हणावे का?

प्रश्न : पर्यावरण चळवळींवरील एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना मी 'सॅबोटाज' या शब्दापाशी अडलो आहे. कोशात 'घातपात' मिळतो. परंतु जंगलतोड थांबवण्यासाठी बुलडोझरच्या इंधनटाकीत वाळू ओतणे, याला घातपात म्हणणे योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते नाही. 'अपघात की घातपात?' हा मथळा वाचताच मराठी वाचकाच्या मनात कोणाच्या तरी जिवाची शंका येते, आणि हे कार्यकर्ते नेमकी तीच छटा नाकारतात. 1980 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'अर्थ फर्स्ट!' चळवळीतील अनेकांचा दावा असा होता की यंत्र मोडले तरी चालेल, सजीवाला इजा होता कामा नये. हा भेद प्रत्यक्षात पाळणे किती कठीण, हे वृक्षतोड रोखण्यासाठी झाडांच्या बुंध्यांत खिळे ठोकण्याच्या प्रकारातून दिसले. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातील क्लोव्हरडेल येथील लाकूड गिरणीत करवतीचे पाते खिळ्यावर आदळून तुटले आणि एक कामगार गंभीर जखमी झाला. तो खिळा कोणी ठोकला, हे सिद्ध झाले नाही. तरीही 1990 मध्ये याच चळवळीतील कार्यकर्त्या ज्युडी बारी आणि उत्तर कॅलिफोर्नियातील त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मार्ग जाहीरपणे सोडला, कारण गिरणी कामगारांना सोबत घेऊनच जंगल वाचेल, अशी त्यांची भूमिका होती.

पूरक प्रश्न : मग 'तोडफोड' किंवा 'खीळ घालणे'?

उत्तर : 'तोडफोड' म्हटले की संतप्त जमाव आणि फुटलेल्या काचा डोळ्यांसमोर येतात, आखून, गुपचूप केलेल्या कृतीला तो शब्द शोभत नाही. 'खीळ घालणे' मला मनापासून आवडतो (खिळ्यांची गोष्ट नुकतीच सांगितली असल्याने अधिकच), पण त्याची व्याप्ती फार मोठी आहे. चिपको आंदोलनात झाडांना मिठी मारणाऱ्या स्त्रियांनीही वृक्षतोडीला खीळच घातली होती आणि त्यांनी कोणाचीही वस्तू मोडली नव्हती.

खरी अडचण 'हिंसा' या शब्दाशी येते. फ्रान्समधील 'ले सुलेव्हमाँ द ला तेर' ही चळवळ अशा मोडतोडीला 'निःशस्त्रीकरण' म्हणते, म्हणजे यंत्रालाच शस्त्र ठरवते. याउलट तेथील गृहमंत्री जेराल्ड दार्मानँ यांनी 2022 मध्ये 'पर्यावरणीय दहशतवाद' हा शब्द वापरला. सरकारने जून 2023 मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश काढला, तो नोव्हेंबरमध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द केला. मात्र मालमत्तेविरुद्धच्या हिंसेला चिथावणी दिली गेली, हे न्यायालयाने मान्य केले होते. 'मालमत्तेविरुद्ध हिंसा' हा प्रयोग मराठी कानाला खटकतो, कारण आपल्याकडे हिंसा जिवाची होते, वस्तूचे नुकसान होते. तथापि 1942 मधील तारा तोडण्याचे आणि रूळ उखडण्याचे प्रकार गांधीजींनी अहिंसेत बसवले नाहीत, हेही विसरता येत नाही.

म्हणून लेखात एकच प्रतिशब्द सर्वत्र लावू नये. सरकारचा शब्द सरकारच्या तोंडी, चळवळीचा चळवळीच्या तोंडी ठेवावा. आपल्या निवेदनात मात्र 'टाकीत वाळू ओतून बुलडोझर निकामी केला' एवढेच लिहावे.