एफओपनच पुरेसं म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

विश्रामबागकर: सी भाषेत फाइल हाताळायला काय शिकवावं, यावर काल इथे कुणीतरी लिहिलंय, "ओपन, रीड, राइट आता जुनं झालं, पोरांना एफओपन-एफप्रिंटएफ शिकवा, बास." ओपन-रीड-राइट म्हणजे थेट ऑपरेटिंग सिस्टिमला हाक; एफओपन-एफप्रिंटएफ ही सीच्या लायब्ररीतली फंक्शन्स. राहवलं नाही म्हणून लिहितोय. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या वजनकाट्याचा प्रोग्राम मी केला होता, लिनक्सवर. पोतं तोललं की एक एफप्रिंटएफ. ऐन हंगामात लाइट गेली. मशीन परत चालू केलं, तर शेवटची चाळीसएक वजनं फाइलमध्ये नाहीतच! ४०९६ बाइटच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, पडून होती, तिथेच मेली. हमालांनी पोती पुन्हा काट्यावर चढवली, शेतकरी माझ्याकडे बघत उभे.

मिरजेचा मास्तर: ती पोस्ट माझी. चूक एफप्रिंटएफची नाही, तुमची. एफफ्लश करून बफर रिकामं का नाही केलं? ओपन-रीड-राइट सीच्या स्टँडर्डमध्ये नाहीतच, ते पॉझिक्सचे, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या स्टँडर्डचे. पोरं रीडने एकेक बाइट वाचतात, दर बाइटला कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, फेरी.

विश्रामबागकर: एफफ्लशने डेटा कर्नलपर्यंतच जातो. डिस्कवर उतरवायला एफसिंक, आणि त्याला एफडी, म्हणजे उघडलेल्या फाइलचा कर्नलने दिलेला नंबर, द्यावा लागतो. तो काय असतो हे कधी शिकवणार? राइटला १०० बाइट दिले तर ६०च लिहून परत येऊ शकतं, उरलेले लूपमध्ये लिहायचे, हे कोण सांगणार?

लॅबवाला पोरगा: सर, आमच्याकडे अजून डॉसबॉक्समध्ये (जुनं डॉस चालवणारा प्रोग्राम) टर्बो सी हा जुना कंपायलर आहे. मेन फंक्शन आकडा परत देतं असं सांगणारं 'इंट मेन' लिहिलं म्हणून ओरलला माझे मार्क कापले. काहीच परत न देणारं 'व्हॉइड मेन'च हवं म्हणे.

तासगावकर: टर्बोला नावं ठेवू नका. १९८७ ला आलं, आमची अख्खी पिढी त्यावर शिकली. कंट्रोल-एफ१ दाबलं की मदत समोर.

मिरजेचा मास्तर: शिकली, आणि सवयीही तिथल्याच लागल्या. टेक्स्ट मोडमध्ये २६ नंबरचा बाइट आला की टर्बो फाइल संपली असं धरतं. एका पोराची फोटोची फाइल मधेच तुटायची, दोन दिवस गेले शोधण्यात.

तासगावकर: मग एफओपनला 'आरबी' लिहून बायनरी मोडमध्ये उघडायचं! शिकवणारे कच्चे, दोष कंपायलरला.

मिरजेचा मास्तर: कच्चे कुणाला म्हणता? बावीस वर्षं लॅब घेतोय. आधी शब्द मागे घ्या.

तासगावकर: तुम्हाला म्हणालो नाही. घेतला मागे. टर्बोबद्दलचं मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

मिरजेचा मास्तर: असू दे. विश्रामबागकर, एफसिंकचं तुमचं बरोबर, माझ्या पोस्टमध्ये ते राहिलं. पण आधी एफओपनच शिकवणार, एफडी नंतर.

लॅबवाला पोरगा: मग वजनकाट्याला मी काय लिहू?

विश्रामबागकर: आधी एफफ्लश, मग फाइलनो या फंक्शनने एफडी काढून एफसिंक. दोन्ही काय परत देतात ते तपास. आणि 'इंट मेन'च लिही.