2021 ची दहावी: पोरांना ढकलपास म्हणू नका, पण परीक्षा व्हायला हवी होती

गणिताच्या बाई

आमच्या शाळेतल्या 2021 च्या दहावीच्या पोरांनी यंदा, पाच वर्षांनी, निरोप समारंभ करायचं ठरवलंय. तेव्हा झालाच नव्हता. स्टाफरूममध्ये विषय निघाला तर एक सहकारी म्हणाले, "त्यांना कसला निरोप, ती ढकलपास बॅच." मी तिथल्या तिथे भांडले. पण घरी आल्यावर जाणवलं की परीक्षा रद्द झाल्याचा माझा स्वतःचा रागही अजून गेलेला नाही.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: पेपर 29 एप्रिलपासून होते. 12 एप्रिलला जाहीर झालं की जूनमध्ये घेऊ. 20 एप्रिलला रद्दच. मग सूत्र आलं. नववीच्या निकालाला 50, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाला 30, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाला 20. आता ही नववी कोणती? टाळेबंदीमुळे 2020 ची नववीची वार्षिक परीक्षा झालीच नव्हती. म्हणजे 2019 च्या दिवाळीआधी दिलेल्या सहामाहीवर दहावीचे निम्मे गुण!

नववीतला मुलगा काय चीज असते हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. तो जागा होतो दहावीच्या डिसेंबरात, सराव परीक्षेत गणिताला 28 पडले आणि वडिलांनी मोबाईल काढून घेतला की. मग जानेवारी-फेब्रुवारीत असा काही सुटतो की आपणच बघत राहावं. दरवर्षी माझ्या वर्गात असे आठ-दहा निघतात. त्या वर्षीही होते, पण त्यांच्या नशिबी सहामाहीचे गुण आले.

2022 ला मंडळाने 75 टक्के अभ्यासक्रमावर, अर्धा तास वाढवून, मुलांच्या आपापल्या शाळेतच परीक्षा घेतली. तेच 2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये का नाही जमलं? बोला.

बॅच एकवीस

बाई, मी तुमचा विद्यार्थी नाही, पण त्याच बॅचचा. रत्नागिरी जिल्हा.

20 एप्रिलला टीव्हीवर बातमी आली तेव्हा माझे बाबा ऑक्सिजनवर होते. आई दवाखान्याबाहेर, मी आणि धाकटी बहीण मावशीकडे. माझी पुस्तकं घरी आणि घराला कुलूप. बाबा जूनमध्ये घरी आले, ते भिंत धरून चालायचे. जुलैत परीक्षा घेतली असती तर मी बसलो असतो, नाही असं नाही. पण त्या मार्कांवरून तुम्ही माझं काय ओळखलं असतं?

आणि नुकसानच मोजायचं तर मला परीक्षेचं काही वाटत नाही. वर्ग 23 नोव्हेंबरनंतर भरायला लागले, तेही एकाआड एक दिवस, एका बाकावर एक. आमच्याकडे गॅदरिंगचं सूत्रसंचालन दहावीकडे असतं. मी आठवीपासून त्याची वाट बघत होतो, शेरोशायरीची वही तयार होती. ती अजून माळ्यावर आहे.

सत्त्याहत्तर टक्के

सगळं खरं, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण आता आमचं ऐका.

मी 2019 चा. 2018 ला राज्याचा निकाल 89.41 टक्के. आमच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण काढून टाकले आणि निकाल आला 77.10. पुढच्या वर्षी 20 गुण परत दिले, निकाल 95.30. त्या वर्षी तर भूगोलाचा पेपरच झाला नाही, बाकी विषयांच्या सरासरीने गुण दिले. आणि 2021 ला 99.95! पावणेसोळा लाखांत नापास हजारसुद्धा नाहीत, आणि 957 जणांना शंभरपैकी शंभर टक्के.

लोक म्हणतात दहावीचं गुणपत्रक पुढे फक्त जन्मतारखेला लागतं. शहरात असेल तसं. आमच्याकडे आयटीआय, पॉलिटेक्निक सगळं त्याच्यावर. ग्रामीण डाक सेवकाची भरती बघा: लेखी नाही, मुलाखत नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते. त्या यादीत 2019 चे 81 आणि 2021 चे 93 शेजारी शेजारी मोजतात. कुठल्या वर्षी पेपर झाला नि कुठल्या वर्षी नाही, यादीला काय देणं-घेणं?

पोरांचा दोष नाही, मान्य. पण गुणपत्रकावर "परीक्षेविना मूल्यांकन" असं ठळक छापायला हवं होतं.

बॅच एकवीस

म्हणजे कपाळावर गोंदूनच घ्या की.

ज्युनिअर कॉलेजचा मास्तर

हीच बॅच अकरावी-बारावीला माझ्याकडे होती, म्हणून बोलतो. भौतिकशास्त्र.

आधी वाईट ते सांगतो. पहिल्या चाचणीत निम्म्या वर्गाने दीड तासात पेन खाली ठेवला. येत नव्हतं म्हणून नाही, हात भरून आले म्हणून. मार्च 2020 पासून सलग तीन तास कुणी काही लिहिलेलंच नव्हतं. आकृतीला पट्टी नाही, समासाचा पत्ता नाही. उत्तर बरोबर, पायऱ्या गायब. मी तेव्हा घरी येऊन शिव्या घालायचो.

पण फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये ह्याच पोरांनी बारावी दिली, आयुष्यातली पहिली बोर्डाची परीक्षा, पूर्ण अभ्यासक्रमावर. राज्याचा निकाल 91.25. करोनाआधी, 2019 ला, बारावीचा निकाल 85.88 होता. ढकलपास बॅच म्हणणाऱ्यांनी हा आकडा कुठे बसवायचा ते सांगावं.

बाई, तुमच्या उशिरा जाग्या होणाऱ्या पोरांबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. त्यातली काही मला भेटली. 62 टक्के घेऊन आलेली, विज्ञान मिळेल की नाही याची धास्ती, आणि बारावीला वर्गात पहिल्या पाचात.

सत्त्याहत्तर टक्के

सर, 91 टक्के म्हणजे बारावीपर्यंत टिकलेल्यांचे. जे अकरावीतच गळाले ते कुठल्या आकड्यात? आणि आकड्याचा पंप वरखाली कसा होतो ते आमच्या 77 वरून कळलंच ना. तोच आकडा आता पुरावा म्हणून चालतो होय?

ठाण्याची आई

परीक्षा नाही तर अकरावीची सीईटी घ्या, असंही तेव्हा ठरलं होतं, ते कुणी लिहिलं नाही. 21 ऑगस्टला होणार होती. ऐच्छिक म्हणे, पण आधी प्रवेश देणाऱ्यांना! आणि प्रश्न सगळे राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर. माझी मुलगी दुसऱ्या बोर्डाची. जुलैभर शेजारच्या मुलाची इतिहास-नागरिकशास्त्राची पुस्तकं आणून घोकत बसली होती. 10 ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती सीईटी रद्द केली, तेव्हा आमच्या घरी पेढे आणले. त्यामुळे "जुलै-ऑगस्टमध्ये घेता आली असती" हे वाक्य मला तरी ऐकवू नका. बाहेर तिसऱ्या लाटेची चर्चा आणि मुलांना लस नाही, अशात कुठल्या आईने केंद्रावर पाठवलं असतं?

गणिताच्या बाई

ताई, लशीचा मुद्दा मला खोडता येत नाही. तरी माझं मत बदललेलं नाही. महिनाभर उशीर झाला असता तर झाला असता, अकरावीचे प्रवेश तसेही लांबलेच.

एक कबुली मात्र देते. ते गृहपाठाचे 20 गुण. माझ्या वर्गात एका मुलाच्या घरी एकच फोन, तो वडिलांबरोबर रोज वीटभट्टीवर जायचा. वही आलीच नाही. फोन केला तर मुलगाच उचलायचा आणि "बाई, उद्या आणतो" म्हणायचा. मी 16 लिहिले. शून्य लिहायला हात धजावला नाही. एका मुलीने पूर्ण वही नीट जिल्द घालून आणून दिली, तिला 19. फरक तीन गुणांचा. सत्त्याहत्तर टक्के, हे तुमच्याच बाजूने जातं, कळतंय मला.

सत्त्याहत्तर टक्के

बाई, त्या पोराला 16 दिलेत त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या वर्षी आमच्या बाईंच्या हातात ते 20 ठेवलेच नव्हते, रडणं त्याचं आहे. माझ्या बाकावरचा मित्र इंग्रजीत चार गुणांनी गेला.

बॅच एकवीस

16 आणि 19 वर एवढी चर्चा? आमच्या सरांनी वह्या बघितल्याच नाहीत, सरसकट सगळ्यांना 20. कोकण विभाग, निकाल शंभर टक्के.

बाई, निरोप समारंभाला सूत्रसंचालक लागला तर सांगा. वही माळ्यावरून काढतो.