वाईट तेव्हाही वाटत होते
पूर्वी कोणी थट्टा मनाला लावून घेत नसे, हल्ली मात्र प्रत्येक शब्द तोलून बोलावा लागतो, हा नेहमी ऐकू येणारा मुद्दा मला अर्धाच पटतो. कचेरीत नवविवाहितेला 'अजून पाळणा हलला नाही?' असे चारचौघांत विचारले जाई, तेव्हा ती कसनुसे हसून फायलीत डोके घाली आणि त्या हसण्याचा अर्थ सगळे सोयीने संमती असा लावत. सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आणि महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा यांमुळे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक शेरेबाजीविरुद्ध दाद मागता येऊ लागली. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे तक्रार समितीही बंधनकारक झाली. (पाळण्याच्या चौकश्या मात्र अजून सुरूच आहेत.) वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये घेतला, तेव्हा 'एवढे काय त्यात' म्हणणाऱ्यांना तो पत्ता कधी अर्जावर लिहावा लागला नसावा.