मदत हवी आहे : निवारा केंद्रातून तिसऱ्या दिवशी परत आलेल्या वृद्ध गृहस्थांसाठी पुढे काय करावे? (सोलापूर)

नमस्कार. सोलापुरात नव्या पेठेत माझ्या भावाचे कापडाचे दुकान आहे आणि तिथले हिशेब मी पाहते. दुकान बंद झाल्यावर आमच्या पायरीवर गेली दोन वर्षे एक वृद्ध गृहस्थ झोपतात. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते मला अक्का म्हणतात. वय विचारले तर कधी साठ सांगतात, कधी सत्तर. ते यंत्रमाग कामगार होते; आधी चादरीच्या आणि नंतर टॉवेलच्या कारखान्यात मिळून तीसेक वर्षे त्यांनी मागावर काढली. पत्नी वारल्यानंतर कामावरचे खाडे वाढले, मालकाने दुसरा माणूस घेतला, भाडे थकले तशी खोली सुटली, आणि मग काही दिवस ओळखीच्यांकडे, काही दिवस देवळाच्या आवारात असे करत ते आमच्या पायरीवर आले. ही हकिगत दोन वर्षांत तुकड्यातुकड्यांनी कळली आहे, त्यामुळे तिच्यात मागेपुढे झालेले असू शकते.

मामांचा आम्हाला त्रास नाही. सकाळी मी येते तेव्हा पायरी झाडलेली असते. गड्ड्याच्या यात्रेत एखाद्या पाळणेवाल्याकडे राखणीचे काम मिळते, एरवी हमालीची किरकोळ कामे. गेल्या वर्षी बिलांच्या गठ्ठ्याचा दोरा तुटला, तेव्हा त्यांनी दोन्ही टोके अंगठ्याखाली धरून मागावर मारतात तशी गाठ मारली. ती इतकी बारीक होती की बोट फिरवल्याखेरीज सापडत नव्हती. अलीकडे मात्र त्याच हातांना सकाळी कंप असतो आणि चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात. वय झाले, दुसरे काय. भावाने थंडीत नवी चादर दिली होती, ती त्यांनी पिशवीत घालून ठेवली; नवी वस्तू अंगावरून चोरीला जाते, फाटकी राहते, हा त्यांचा हिशेब.

आता अडचण सांगते. मी प्रथम त्यांचे आधार कार्ड काढण्याच्या मागे लागले, कारण निराधार अनुदान असो वा बँकेचे खाते, सगळीकडे तेच विचारतात. जुने कार्ड पावसात गेले आणि क्रमांक त्यांना आठवत नाही. एका कार्यालयात पत्त्याचा पुरावा मागितला. पायरीचा पुरावा कोण देणार? तीन खेपा झाल्यावर मी तो नाद सोडला आणि मामांना शहरातील एका निवारा केंद्रात नेले. केंद्र मी आधी स्वतः पाहिले होते. खाटा, पाणी, स्वच्छतागृह सर्व ठीक होते, व्यवस्थापकही नीट बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा पुन्हा पायरीवर होते. मी कारण विचारले तर म्हणाले, “तिथं झोप येत नाही बघा अक्का, भिंतीवरनं मुंग्या उतरत्यात.” मला तरी तिथे एकही मुंगी दिसली नव्हती, त्यामुळे हे निमित्त आहे असे मी समजले आणि, खरे सांगायचे तर, चिडलेही.

माझा प्रश्न असा आहे की अशा माणसाला पुन्हा मार्गी लावण्यासाठी आधी काय करावे: कागदपत्रे, निवारा, उपचार, की एखादे बैठे काम? चारही गोष्टी एकमेकींवर अडलेल्या दिसतात. कोणी प्रत्यक्ष असे काम केले असेल तर कृपया सविस्तर लिहावे. मामांचे नाव, छायाचित्र किंवा दुकानाचा पत्ता मी देणार नाही.

प्रतिसाद १

एकच विचारतो. मामा मद्यपान करतात का, आणि करत असल्यास रोज का?

धागाकर्ती

हो. संध्याकाळी रोज घेतात. दंगा कधीच करत नाहीत, म्हणून मी ते मूळ लेखात लिहिले नव्हते. केंद्रात मद्यपानाला मनाई आहे हे त्यांना आधी सांगितले होते आणि त्यांनी ते मान्यही केले होते.

प्रतिसाद २

मी परिचारिका आहे आणि बरीच वर्षे पुरुष मेडिसिन वॉर्डात काम केले आहे. ताई, तुम्ही चिडलात ते स्वाभाविक आहे, परंतु मामा बहुधा खोटे बोललेले नाहीत. तुमच्या लेखात तीन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी आल्या आहेत: सकाळी हातांना कंप, तिसऱ्या दिवशी परत येणे आणि भिंतीवरच्या मुंग्या. या तिन्ही एकत्र ठेवून पाहा.

अनेक वर्षे रोज दारू घेणाऱ्या माणसाची दारू एकदम थांबली की सहा ते बारा तासांत कंप, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना नसलेल्या वस्तू दिसू लागतात, आणि त्यांत किडे, मुंग्या, उंदीर फार वेळा असतात. झोप पार जाते, दिवस-रात्रीचे भान सुटते. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. मामांनी केंद्रात राहायचे म्हणून मनापासून दारू सोडली असेल आणि त्याचीच शिक्षा भोगली असेल, अशी शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. पायरीवर परत येऊन त्यांनी पुन्हा घेतली असेल आणि मुंग्या नाहीशा झाल्या असतील.

अर्थात मी त्यांना पाहिलेले नाही, निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातून निघते. आधी रुग्णालय, मग निवारा, आणि निवाऱ्यातून कागदपत्रे. सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण विभागात त्यांना घेऊन जा आणि तुम्ही इथे लिहिलेल्या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा सांगा. “म्हातारपणाने हात थरथरतात” असे आपल्याकडून निदान करून सांगू नका. आवश्यक वाटल्यास ते दाखल करून घेतील, कंप व फिट टाळणाऱ्या गोळ्या हळूहळू उतरत्या मात्रेत देतील आणि बी-१ जीवनसत्त्वही देतील. त्याच्या अभावाने स्मृतीला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ते महत्त्वाचे आहे. तोवर मामांना दारू एकदम बंद करायला सांगू नका. हे वाक्य विचित्र वाटेल, पण ते पूर्ण जाणीवेने लिहिले आहे. फिट आली, किंवा ते भलतेच बोलू लागले, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. आधी कोणाशी बोलून घ्यायचे असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक निःशुल्क आहे.

आणखी एक. यंत्रमागावरची तीस वर्षे म्हणजे तीस वर्षे कापसाची धूळ. खोकला दोन आठवड्यांहून अधिक असेल तर त्याच खेपेत थुंकीची तपासणी मागा. क्षयाचे औषध मोफत असते, आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाली आहे. ती बँक खात्यात येते, म्हणजे फिरून कागदपत्रांपाशी येतोच.

धागाकर्ती

हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आज दुपारी मामांना विचारले, की मुंग्या अजून दिसतात का? “आता न्हाईत,” म्हणाले. परत आल्याच्या संध्याकाळी घेतली होती का, असे विचारल्यावर त्यांनी मान खाली घातली. खोकला आहे, पण किती दिवसांपासून ते त्यांना सांगता येत नाही.

रुग्णालयाबाबत एक शंका आहे. दाखल करताना नातेवाइकाची सही मागतात. माझे त्यांच्याशी नाते नाही. मुलगी आहे असे एकदा बोलले होते, पण तिच्याविषयी ते पुढे काहीच सांगत नाहीत.

प्रतिसाद ३

या शंकेचे उत्तर कायद्यात आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या व्याख्येत दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक स्थितीही येतात. स्वतःचे निर्णय घेऊ शकणारी प्रौढ व्यक्ती या कायद्याखाली स्वतःच्या इच्छेने दाखल होऊ शकते. त्यासाठी नातेवाइकाची संमती लागत नाही. शिवाय मामा आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे उपचारांचे निर्णय घेताना त्यांना साहाय्य करणारा माणूस, स्वतः नेमू शकतात. प्रतिनिधी नात्यातलाच हवा असे नाही, त्याची तयारी मात्र हवी. मामांनी कोऱ्या कागदावर तसे लिहून सही किंवा अंगठा केला तरी पुरते. कागद आधीच तयार ठेवा, खिडकीवर उभे राहून वाद घालण्याची वेळ येणार नाही.

मुलीचा विषय मात्र मामा स्वतः काढेपर्यंत तुम्ही काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्यांशी गाठ घालून दिली की प्रश्न सुटला, असे आपल्याला बाहेरून वाटते. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना घरी पोहोचवण्याच्या कामासाठीच. पण तिथेही उपचार आधी होतात, माणूस सावरतो, स्वतः गावाचे नाव सांगतो, आणि त्यानंतर प्रवास. कापऱ्या हातांनी बापाने मुलीच्या दारात उभे राहावे, हे मामांना नको असेल तर ते त्यांचे म्हणणे आहे.

प्रतिसाद ४

कागदपत्रांविषयी लिहितो, कारण त्यात तुमच्या तीन खेपा फुकट गेल्या आणि त्या तशा जायला नको होत्या.

मामांचे आधार पूर्वी निघालेले आहे, म्हणून नवी नोंदणी करू नका; ठसे जुळले की ती दुबार ठरून फेटाळली जाते. अधिकृत आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून जुनाच क्रमांक शोधून छापून मिळण्याची सोय आहे. मागावर आयुष्य गेलेल्यांचे ठसे झिजलेले असतात, तेव्हा ठसा उमटला नाही तर बुबुळांवरून प्रयत्न करायला सांगा. पत्ता बदलायचा असेल तर मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने आधारच्या ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र चालते. म्हणूनच निवारा आधी आणि कागद नंतर, हा परिचारिकाताईंनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. ज्याला पत्ता नाही त्याला पत्ता देणे हे त्या केंद्राचे कामच आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी एक कायमस्वरूपी, चोवीस तासांचा निवारा अपेक्षिलेला आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचे होते, हिशेब तुम्हीच करा. त्याच सूचनांत राहणाऱ्यांना शिधापत्रिका, बँक खाते, निवृत्तिवेतन मिळवून देण्यास मदत करणेही केंद्राकडून अपेक्षित आहे. व्यवस्थापक नीट बोलतात असे तुम्ही म्हणता, तर हे त्यांच्याकडे हक्काने मागा.

मतदार यादीची गोष्ट गंमतीची आहे. बेघर माणसाला तिथे पत्त्याचा कागद लागत नाही. नमुना ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची, आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री तिथे जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहायचे, तेही एकाहून अधिक रात्री. तुमची पायरी एवढ्या एकाच सरकारी कामासाठी पत्ता ठरू शकते.

पैशाचे पाहू. वय ६५ च्या आत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान, त्यापुढे श्रावणबाळ योजना. दोन्हींत दरमहा १,५०० रुपये आहेत आणि अर्ज तहसील कार्यालयातील शाखेत जातो. राज्यातील १५ वर्षांचा रहिवास आणि वय यांचे दाखले लागतील. जन्माचा कागद नसेल तर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला उपयोगी पडतो, तेव्हा रुग्णालयात असतानाच तो मागून घ्या. आणि हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो: मामांची भविष्यनिर्वाह निधीची कपात होत होती का, ते विचारा. आपल्याकडे अनेक कारखान्यांत कामगारांची नावेच हजेरीपटावर नसत, त्यामुळे फार आशा देत नाही. पण नाव असेल आणि दहा वर्षे भरली असतील तर ५८ वर्षांनंतर दरमहा किमान १,००० रुपये निवृत्तिवेतन बसते. जुनी वेतनचिठ्ठी, कारखान्याचे ओळखपत्र, काहीही असो, जपून ठेवा.

बैठ्या कामाचा विषय आत्ताच काढू नका. कंप थांबल्यावर हात स्वतःच काम शोधतात.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. शेवटच्या वाक्याविषयी मी साशंक आहे, परंतु बाकीचे सर्व लिहून घेतले आहे.

काल संध्याकाळी भावाला घेऊन मामांशी बोलले. रुग्णालयाला त्यांची हरकत नव्हती. हरकत पिशवीची होती. वॉर्डात ती चोरीला जाईल, आणि केंद्रातही पहिल्या रात्री ते पिशवी उशाशी घेऊनच बसून होते, असे त्यांनी आता सांगितले. पिशवी दुकानात ठेवू म्हटले तर गप्प राहिले. शेवटी भावाने माळ्यावरची एक पत्र्याची पेटी खाली काढली, मी समोरच्या दुकानातून कुलूप आणले, आणि दोन्ही किल्ल्या मामांकडे दिल्या. त्यांनी पिशवी आमच्या समोर रिकामी केली, बहुधा नंतर काही कमी झाले असे कोणी म्हणू नये म्हणून. त्यात नवी चादर होती, पत्नीचा फोटो होता, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले एका कारखान्याचे हजेरीकार्ड होते. त्यावरचा क्रमांक अर्धवट पुसला आहे, पण कारखान्याचे नाव वाचता येते. त्याचा मी फोटो काढून ठेवला आहे.

सोमवारी गर्दी असते असे कळले, म्हणून बुधवारी सकाळी जायचे ठरले आहे. प्रतिनिधीचा कागद तयार आहे. आता एकच मदत हवी आहे. मामांचा त्रास वाढला की ते मराठी सोडून पूर्णपणे तेलुगूत बोलू लागतात आणि मला त्यातले चार शब्दही येत नाहीत. डॉक्टरांना काय होते आहे ते मी सांगू शकणार नाही. बुधवारी सकाळी नऊ ते बारा या वेळेत तेलुगू चांगले येणारे कोणी सोबत येऊ शकेल का? जमणार असल्यास मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.