ओटीतला यूव्ही दिवा आणि कॅन्सरची हाकाटी

गोदाकाठचा: काल एकानं ठोकून दिलंय, "ओटीत (ऑपरेशन थिएटरात) यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचे दिवे असतात, त्यामुळे हॉस्पिटल स्टाफला स्किन कॅन्सर ठरलेलाच." अहो, जरा दमानं घ्या. ओटीतला जंतुनाशक दिवा यूव्ही-सी प्रकारचा, तरंगलांबी २५४ नॅनोमीटर. तो बहुतेक कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातच अडकतो. उन्हातला यूव्ही-बी त्याहून खोल जातो. शिवाय ओटी रिकामी झाल्यावरच दिवा लावतात. मे महिन्यात भर दुपारी नाशकात द्वारका ते सातपूर गाडी हाणणारी सिस्टर त्याहून जास्त यूव्ही रस्त्यावर घेते.

ओटी_सिस्टर: "रिकामी झाल्यावरच" हे कुठे बघितलंत? मी होते तिथे (नाव घेत नाही) स्विच ओटीच्या आतच. सफाईवाले मामा लादी पुसताहेत आणि वर दिवा चालू! रात्री त्यांचे डोळे लाल, वाळू गेल्यासारखे, उघडवेनात. सकाळी ऐकवलं काय, तर डोळे आलेत, घरी थांबा. पगार कापला तो वेगळाच. आणि २००९ मध्ये आयएआरसीनं (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) यूव्ही-ए, बी, सी तिन्ही गट १ मध्ये टाकलेत, ते सोयीनं विसरलात.

गोदाकाठचा: गट १ म्हणजे कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का. धोका किती, ते तो गट सांगत नाही. दारूही गट १ मध्येच आहे, आणि आपण वाइनचं गाव म्हणून मिरवतो.

मखमलाबादकर: उन्हाचा बाऊ पुरे झाला. आम्ही बागेत जन्म काढला. आमच्या सूनबाई डोक्यापासून बोटांपर्यंत गुंडाळून फिरतात, आणि व्हिटॅमिन डी इतकं खाली की आठवड्याला ६०,०००ची पुडी चालू आहे!

स्कार्फवाली: काका, स्कार्फ धुळीसाठी असतो. गंगापूर रोडची धूळ तुम्ही खाऊन बघा.

मखमलाबादकर: मग घरी तरी उन्हात बसा. खिडकीत बसते म्हणे!

गोदाकाठचा: काचेतून यूव्ही-बी येत नाही हो. खिडकीत बसून डी मिळायचं नाही.

स्कार्फवाली: म्हणजे कपडे वाळत घालणं, पापड राखणं पुन्हा सुनेकडेच. छान विज्ञान आहे!

मखमलाबादकर: आमच्या घरात पापड मी राखतो. उगाच काहीही बोलू नका.

ओटी_सिस्टर: पापड झाले असतील तर मामांकडे या. कॅन्सर वीस वर्षांनी होईल न होईल, डोळे त्याच रात्री भाजतात. स्विच बाहेर आणि दाराला इंटरलॉक (दार उघडलं की दिवा आपोआप बंद), एवढंच मागतेय. त्वचा विभागात सोरायसिस, कोडासाठी ३११ नॅनोमीटरची यूव्ही उपचाराची केबिन असते, तिथे पेशंटला गॉगल देतात. मामांना कोण देतो?

गोदाकाठचा: ठीक आहे बाई, स्विच बाहेर हवा, मान्य. "ठरलेलाच" मात्र साफ अमान्य.

ओटी_सिस्टर: उपकार झाले. आता हेच कंत्राटदाराला सांगा. मामांनी गॉगल मागितला तर म्हणाला, "पिक्चरमध्ये काम करायचंय का?"