मदत हवी आहे: तेप्पान्याकी आणि शाकाहारी सासूबाई (अर्जंट)

कावेरीकाठ: शनिवारी संध्याकाळी तेप्पान्याकीला (समोरच मोठ्या तव्यावर भाजून देतात ते जपानी जेवण) जायचंय, नवऱ्याच्या साहेबांनी बोलावलंय म्हणजे नाही म्हणता येत नाही, आणि सासूबाई इथे आल्यात त्यांनाही घेऊन या म्हणाले. त्या शाकाहारी. त्यांना तिथे काय मिळेल पटकन सांगा. जुने धागे वाचा म्हणू नका, वाचलेत, सगळे सुशीचे आहेत.

जर्सीकर: त्यात काय एवढं! आम्ही दर वाढदिवसाला जातो. कांद्याच्या चकत्या रचून ज्वालामुखी पेटवतात, उलथनी हवेत फेकतात, आई तर टाळ्या वाजवत होती. मेनूत व्हेज हिबाची, म्हणजे तेप्पान्याकीच, असतेच, टोफू सांगा.

निवांत_नाना: गाव कुठलं पण?

कावेरीकाठ: अहो कोबे, जपान! लिहिलं नाही का मी?

निवांत_नाना: नाही.

ओसाकावाली: मग ज्वालामुखी विसरा. तो तमाशा बेनिहाना रेस्टॉरंटने अमेरिकेत गाजवला, १९६४ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं ते. कोबेत मिसोनो रेस्टॉरंटवाले १९४५पासून तव्यावर स्टेक भाजतायत, तिथला शेफ फारसा बोलतसुद्धा नाही. मी ४ वर्षं ओसाकात होते, एकदा ऑफिसबरोबर गेले तेव्हा शेफने आधी बीफच्या चरबीचा पांढरा तुकडा घेतला आणि अख्ख्या तव्यावर फिरवला, मग लसणाच्या चकत्या, मग मांस, आणि शेवटी मोड आलेली कडधान्यं दिसतात तसले ते मोयाशी त्याच चरबीत परतून माझ्या ताटलीत. मी म्हटलेलं फक्त भाज्या द्या! त्यामुळे वेगळ्या पॅनमध्ये करा असं आधीच कळवा.

जर्सीकर: आमच्याकडे हिबाचीच म्हणतात आणि मजा येते. प्रत्येक गोष्टीत अस्सल-नकली कशाला?

ओसाकावाली: म्हणा की. हिबाची म्हणजे कोळशाची शेगडी, एवढंच.

खादाडखाऊ: तेप्पान्याकी सोडा, ओकोनोमियाकी खा. तव्यावरच असतं, कोबी घातलेलं थालीपीठ समजा. हिरोशिमाला तर त्यात नूडल्सचा थर असतो, उलथन्याने तव्यावरूनच खायचं, अहाहा.

ओसाकावाली: दादा, पिठात अंडं आणि दाशी, म्हणजे माशाचं पाणी. वरून सुक्या माशाचा कीस वाफेवर नाचत असतो तो वेगळाच. आणि जेवण साहेब देतायत, जागा ह्या कशा बदलणार?

निवांत_नाना: सासूबाई अंडं खातात का?

कावेरीकाठ: केकमधलं चालतं. दिसलेलं चालत नाही.

तवावेडा: विषय निघालाच आहे तर, बिडाचा तवा आणलाय, डोसा चिकटतोय, कुणी सांगेल का?

निवांत_नाना: आणि तुम्ही दोघं बीफ खाता ना? कोबे बीफसाठीच प्रसिद्ध, तिथे साहेब दुसरं काय खायला घालणार?

कावेरीकाठ: आम्ही चिकन-मासे खातो, बीफ नाही. ते काय आयत्या वेळी सांगू.

ओसाकावाली: हे आत्ता सांगताय! आयत्या वेळी सांगणं सगळ्यात वाईट, साहेबांनी कोर्स ठरवला असेल तर त्या हिशोबाने सामान मागवतात. आजच फोन करा. नुसतं व्हेजिटेरियन म्हणू नका, मिसो सूपमध्ये दाशी येतेच. मांस नको, मासे नको, मग "दाशी मो दामे देस्" (दाशीही चालत नाही) असं म्हणा. तुम्हा दोघांना कोळंबी नाहीतर शेवंड मागा.

जर्सीकर: शेवंड म्हणजे?

खादाडखाऊ: लॉब्स्टर. मालवणला या कधीतरी.

कावेरीकाठ: नवऱ्याने साहेबांना सांगितलं, मला वाटलं रागावतील तर तेच म्हणाले बरं झालं आज बोललात आणि स्वतः फोन केला. सासूबाईंचं आतल्या किचनमध्ये वेगळ्या पॅनवर करणार, वांगं, कमळकाकडी, शिताके मशरूम, टोफू, आणि लसणाचा भात तेलात. सूप रद्द. आम्हाला कोळंबी. थँक्यू ओसाकावाली ताई. पण बसायचं त्याच तव्यासमोर, आणि साहेब स्वतः बीफ घेणार, ते सासूबाईंच्या नाकासमोर भाजणार. हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

निवांत_नाना: नवऱ्याला सांगू दे. आई त्याची आहे.

तवावेडा: माझ्या तव्याचं कुणीच बोलत नाहीये.

खादाडखाऊ: अर्धा कांदा तेलात बुडवून फिरव रे. चरबी नको फिरवू.