‘स्टॉकर’ची वाया गेलेली निगेटिव्ह: खापर रेरबर्गवरच का?

रीळवाला: सोव्हिएत दिग्दर्शक तारकोव्स्कीच्या ‘स्टॉकर’ या सिनेमाचं (1979) बाह्यचित्रण 1977 मध्ये एस्टोनियात, टाल्लिनजवळ यागाला नदीवरच्या ओसाड वीजकेंद्रांपाशी झालं. ते जवळजवळ सगळं डेव्हलपिंगमध्ये वाया गेलं आणि छायालेखक गिओर्गी रेरबर्गची हकालपट्टी झाली. हा सरळ अन्याय. कोडॅक 5247 ही निगेटिव्ह सोव्हिएत लॅबना नवखी होती. ती धुण्याची ईसीएन-2 ही प्रक्रिया कडक: डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) 41.1 अंश सेल्सियसवर, वेळ 3 मिनिटं, तापमानात दशांश अंशाचीच सूट. आधीची 5254 ही फिल्म कमी तापमानावर धुतली जायची. नव्या फिल्मला रसायन जरा गार पडलं, तर सर्वांत खालचा, लाल प्रकाश टिपणारा थर कच्चा राहतो. सावल्या एका रंगाकडे झुकतात, उजळ भाग दुसऱ्याच. प्रिंट काढताना दिवे बदलून एक सुधारलं की दुसरं बिघडतं. यात कॅमेऱ्यामागच्या माणसाने करायचं काय?

कृष्णधवल: करायचं बरंच असतं. नवी फिल्म आली की त्याच बॅचची शंभरेक फूट आधी वापरून बघायची. ग्रे कार्ड (मोजमापासाठीचा ठरावीक करडा पुठ्ठा), रंगपट्टी, एक चेहरा; अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने (प्रकाशाच्या मापाने) कमीजास्त एक्स्पोजर. मग जिथे पुढचं काम जाणार त्याच यंत्रातून धुऊन डेन्सिटोमीटरवर (फिल्मचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर) आकडे घ्यायचे. रेरबर्गने तारकोव्स्कीचाच ‘मिरर’ टिपला होता, तो नवशिका नव्हता. लॅब अडाणी असेल तर ते सगळ्यांत आधी छायालेखकाला कळायला हवं.

रीळवाला: @कृष्णधवल, चाचणी फक्त त्या दिवशीच्या टाकीचं सांगते. सलग हजारो फूट गेल्यावर भरपाईचं रसायन कमी पडलं की डेव्हलपिंग मंदावणारं ब्रोमाइड टाकीत साचतं आणि निगेटिव्हची घनता (गडदपणा) घसरते. म्हणून कंट्रोल पट्टी (ठरावीक एक्स्पोजर दिलेली तपासणीची फिल्म) रोज, प्रत्येक पाळीत धुवायची असते. ती जबाबदारी लॅबची.

तिरपा कोन: तुम्ही दोघं टाकीतच अडकलात. फायदा कोणाचा झाला ते बघा ना. अधिकारी सिनेमा खर्ची टाकायला निघाले होते. तारकोव्स्कीने तो दोन भागांचा करायचं ठरवून जादा मुदत आणि पैसे मिळवले. स्ट्रुगात्स्की बंधूंकडून पटकथा नव्याने लिहून घेतली, स्टॉकर म्हणजे निषिद्ध ‘झोन’मध्ये लोकांना नेणारा वाटाड्या; आधीचा रांगडा लुटारू जाऊन श्रद्धाळू, पिचलेला माणूस आला. तारकोव्स्की-रेरबर्ग यांचं निगेटिव्ह बघण्याआधीच बिनसलं होतं. मला तर हे अपघातासारखं वाटतच नाही.

कृष्णधवल: संधी साधणं वेगळं, घातपात वेगळा. स्वतःचं वर्षभराचं काम कोण जाळून घेईल? तारकोव्स्कीने काम सोडून द्यायचा विचार केला होता, असंही त्याच्या सहकाऱ्यांपैकी एकाने सांगितलंय. (इगोर मायबोरोदाचा 2009 चा माहितीपट बघा, पण तो रेरबर्गची बाजू घेऊनच बनवलाय हे ध्यानात ठेवून.)

रीळवाला: घातपाताची थिअरी मलाही पटत नाही. पण बिनसलेलं होतं म्हणूनच खराब निगेटिव्ह हे आयतं निमित्त मिळालं, माझा आक्षेप तोच आहे. लॅबमधल्या कोणाचं नाव आज कोणाला आठवतं का?

तिरपा कोन: बरं, घातपात मागे घेतो, निमित्त राहू द्या. पण पुन्हा चित्रीकरण करणाऱ्या अलेक्सांद्र क्न्याझिन्स्कीला या भांडणात कोणी विचारतच नाही. झोनमधला तो ओलसर, मातकट हिरवा रंग आणि बाहेरच्या जगाचा सेपिया आज आपण बघतो तो त्याच्या कॅमेऱ्यातून.